खुर्ची सोडल्यावर कोणी किती बोलायचं

अगं,

तुझा लेख दोनदा वाचला, आधी मोबाईलवर घाईघाईत आणि मग काल रात्री प्रिंट काढून पेन हातात घेऊन. मेहनत दिसते त्यात. पण शेवटी तू जे ठोकून दिलंयस ना, की अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांनी पद सोडलं की गप्प बसावं, तेच शोभतं, तिथे माझं पेन अडलं. गप्प बसणं चांगलंच, बहुतेक वेळा चांगलंच, पण सगळ्यांना एकच माप लावलंस तर ज्यांनी खरंच काही केलं तेही त्यात कापले जातात.

मी ह्याकडे कसं बघते ते सांगते. माणूस माजी होतो पण पदाची पत लगेच उतरत नाही, लोक आयुष्यभर त्याला मिस्टर प्रेसिडेंटच म्हणतात, त्याने फोन केला की कुठल्याही देशाचा प्रमुख उचलतो, चार वाक्यं बोलला तर संध्याकाळी हेडलाईन. आता ही पत काही त्याने घरून आणलेली नव्हती, लोकांनी मतं देऊन त्याला ती वापरायला दिली होती. म्हणून तो बोलला की नाही बोलला ह्यापेक्षा मी आधी हे बघते की ही उरलेली पत तो कोणासाठी खर्च करतोय.

एप्रिल १९६१ घे. केनेडींना खुर्चीवर बसून जेमतेम तीन महिने झालेले आणि क्युबातलं कॅस्ट्रोचं सरकार पाडायची बे ऑफ पिग्सची मोहीम साफ फसली. योजना सुरू झाली होती आधीचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांच्या काळात, पण हिरवा कंदील केनेडींचा. केनेडींनी आयसेनहॉवरांना कॅम्प डेव्हिडला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या डोंगरातल्या विश्रामस्थानी, बोलावलं. त्या दिवशीचा दोघांचा पाठमोरा फोटो आहे, तो शोधून बघच, पत्रकारितेचं पुलित्झर बक्षीस मिळालेला फोटो आहे. वाटेवरून दोघं चाललेत, माना खाली, एक ४३ वर्षांचा आणि एक ७० वर्षांचा, आणि म्हाताऱ्याने हॅट पाठीमागे हातात धरलीय त्यामुळे कोट मागून वर उचलला गेलाय. आत काय झालं तर आयसेनहॉवरांनी चांगलंच फैलावर घेतलं, निर्णय घ्यायच्या आधी सगळ्यांना समोर बसवून वाद घालायला लावला होतास का असं विचारलं. आणि बाहेर पत्रकार उभे होते त्यांना काय सांगितलं? परराष्ट्र धोरणाचा भार ज्याच्या खांद्यावर आहे त्याच्या पाठीशी देशाने उभं राहावं, एवढंच. वेगळ्या पक्षाचा माणूस, ज्याच्या पक्षाचा उमेदवार केनेडींनी नुकताच पाडला होता! तू ज्याला गप्प बसणं म्हणतेस ते खरं हे आहे, बोलायचं, आणि कडक बोलायचं, पण दार लावून.

हे किती अवघड असतं ते मला फार लहान प्रमाणावर माहितीय. मी एका संस्थेची जबाबदारी सोडली तेव्हा पहिले काही महिने रोज कुणाचा तरी फोन यायचा, मॅडम तुमच्या वेळी असं नव्हतं हो. मला ते गोड लागायचं आणि मी सल्ले देत बसायचे. मग माझ्या जागी आलेली बाई एक दिवस शांतपणे म्हणाली, मी मीटिंगमध्ये काही ठरवलं की लोक आधी तुम्हाला विचारून येतात. मला इतकी लाज वाटली. त्या दिवसापासून ते फोन बंद केले. मग ज्याच्या हातात आख्ख्या देशाचा कारभार होता त्याला तो मोह किती होत असेल.

कार्टरांचं बघ, ते तुझ्या लेखात दोन ओळींत उरकलेत, आणि माझ्या मते लेखाचा जीव तिथेच आहे. राष्ट्राध्यक्ष असताना १९८० ची निवडणूक हरले, वय ५६, घरी जॉर्जियातल्या प्लेन्सला परत आले तर भुईमुगाचा धंदा कर्जात. १९८२ ला कार्टर सेंटर काढलं आणि नंतर नारूच्या मागे लागले. नारू म्हणजे काय हे आजच्या पिढीला माहीतच नाही, घाण पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभराने पायातून लांबच्या लांब जंत बाहेर येतो, तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, घाई केली की तुटतो. ह्याला ना लस ना औषध, पाणी फडक्यातून गाळून प्या आणि नारू झालेल्याला तळ्यात उतरू देऊ नका हे गावोगाव समजावणं एवढाच इलाज. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होता. कार्टरांच्या शेवटच्या वर्षांत वर्षाला १५ च्या आसपास केसेस उरल्या होत्या. लाख नाही, हजार नाही, पंधरा माणसं. १९९५ ला सुदानमध्ये गृहयुद्ध चालू असताना त्यांनी दोन्ही बाजूंशी बोलून काही महिने बंदुका थांबवायला लावल्या, का तर आरोग्य कर्मचाऱ्यांना गावांत जाता यावं. एखाद्या साध्या डॉक्टरने फोन केला असता तर कोणी ऐकलं असतं का सांग. पत इथे खर्च झाली.

पण ह्याच कार्टरांनी नोव्हेंबर १९९० मध्ये काय केलं तेही लिही, झाकू नकोस. आखाती युद्धाची तयारी चाललेली, तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा पाठिंबा गोळा करतायत, आणि कार्टरांनी परिषदेच्या सदस्य देशांना पत्रं पाठवली की लष्करी कारवाईला पाठिंबा देऊ नका. बुशना न सांगता! युद्धाला विरोध असणं चूक नाही, माझाही असता कदाचित. पण आपल्याच देशाच्या अध्यक्षाच्या पाठीमागून परक्या सरकारांना पत्रं लिहिणं हे मला आजही पटत नाही, कारण एका वेळी देशाच्या वतीने बोलणारा एकच असावा लागतो. १९९४ ला अणुकार्यक्रमाच्या वादात उत्तर कोरियाला गेले तेव्हा निदान तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन ह्यांना सांगून गेले, पण तिथे काय ठरलं ते व्हाइट हाऊसशी नीट बोलायच्या आधी सीएनएनवर सांगून मोकळे झाले. त्यातून करार पुढे गेला हेही खरं. एकाच माणसात हे सगळं आहे. मोठी माणसं अशीच असतात, तू त्यांना गुळगुळीत करू नकोस.

आता तू विचारशील, मग उघडपणे कधी बोलायचंच नाही का. बोलायचं ना. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १८२९ मध्ये पद सोडून गेले आणि पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधून प्रतिनिधीगृहात निवडून आले, तिथे मरेपर्यंत म्हणजे जवळजवळ १७ वर्षं बसले. राष्ट्राध्यक्ष होते आणि आता एका मतदारसंघाचे साधे सदस्य, लोकांना वाटायचं पायरी उतरले. तेव्हा सभागृहाने नियमच करून ठेवला होता की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेला घ्यायचेच नाहीत, तर हा माणूस अधिवेशनामागून अधिवेशन उठून तेच अर्ज मांडायचा, ओरडा व्हायचा, त्यांच्यावर ठपका ठेवायचा प्रयत्न झाला, हा हलला नाही, आणि शेवटी १८४४ ला तो नियम गेला. मधे १८४१ ला, सत्तरी ओलांडल्यावर, अ‍ॅमिस्टाड ह्या गुलाम नेणाऱ्या जहाजावरच्या आफ्रिकन बंदिवानांसाठी सुप्रीम कोर्टात उभे राहिले आणि ते लोक सुटले. २१ फेब्रुवारी १८४८ ला सभागृहातच कोसळले आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत स्पीकरच्या खोलीत गेले. मला ह्यात सगळ्यात जास्त काय आवडतं माहितीय का, ते जुन्या पदावर टेकून बोलले नाहीत, लोकांकडे परत जाऊन नवं मत मागितलं आणि त्या मताच्या जोरावर बोलले. जॉन टायलरसुद्धा माजी राष्ट्राध्यक्षच, तेही गप्प बसले नाहीत, पण ते १८६१ ला देश तोडणाऱ्या दक्षिणेच्या संसदेत जाऊन बसले. दोघंही बोललेच की! म्हणून म्हणते गप्प की बोलका ही फूटपट्टी पुरत नाही.

पैशाचा भाग तुझ्या लेखात नाहीच, तो हवा. ट्रुमन १९५३ ला घरी गेले तेव्हा राष्ट्राध्यक्षांना पेन्शन नव्हतीच, त्यांना लष्करातली महिन्याला ११२ डॉलरची पेन्शन तेवढी मिळायची. कंपन्या बोलावत होत्या, त्यांनी नकार दिला, म्हणणं असं की त्यांना मी नकोय, माझं पद हवंय. पुढे कागदपत्रं उघडल्यावर एका अभ्यासकाने दाखवलंय की ते सांगायचे तितके तंगीत नव्हते, हेही लिही. पण त्या चर्चेतूनच १९५८ चा कायदा आला, वर्षाला २५,००० डॉलर पेन्शन, ऑफिस, स्टाफ. आज ती रक्कम २ लाख डॉलरच्या वर आहे. म्हणजे लोकांनी आपल्या खिशातून सोय केली ती कशासाठी, तर ह्यांना दारोदार पद विकत फिरावं लागू नये म्हणून. आणि तरी माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोर्डांवर गेले, रेगन १९८९ ला एका जपानी मीडिया कंपनीच्या बोलावण्यावर गेले ते २० लाख डॉलर घेऊन, आणि आता तर भाषणांचे मोठे आकडे कुणाला खटकतही नाहीत. बेकायदा नाही काहीच. मला खटकतं. पुस्तक लिहून कमावलं तर माझी तक्रार नाही, एकोणिसाव्या शतकातले राष्ट्राध्यक्ष ग्रँट दिवाळं निघाल्यावर घशाच्या कॅन्सरने बोलता येत नसताना शालीत गुंडाळून बसून आठवणी लिहीत होते, लिहून संपल्यावर काही दिवसांतच गेले आणि बायकोचं आयुष्य त्या पुस्तकाने निभावलं. ती मेहनत त्यांची स्वतःची होती.

जाण्याच्या पद्धतीवर तू लिहिलंयस ते छान जमलंय, १८०१ मध्ये जॉन अ‍ॅडम्स (क्विन्सींचे वडील, तेही राष्ट्राध्यक्ष) पहाटे ४ वाजता शहर सोडून निघून गेले, त्यांना हरवलेल्या जेफरसनच्या शपथविधीला थांबले नाहीत, आणि २०२१ मध्ये ट्रम्प बायडेनच्या शपथविधीला आले नाहीत, दोन्ही बरोबर. फक्त दोन्ही एका पारड्यात टाकू नकोस. अ‍ॅडम्स रुसून गेले पण हरलो हे मान्य करून गेले. तो फरक फार मोठा आहे आणि वाचकाला तो तुझ्याकडून कळला पाहिजे. तिथेच १९९३ मधलं थोरल्या बुशचं पत्र घाल, हरलेल्या माणसाने जिंकलेल्या क्लिंटनसाठी टेबलावर ठेवलेलं, की तुमचं यश हेच आता देशाचं यश आहे. पुढे २००५ ला हेच दोघं त्सुनामीग्रस्तांसाठी पैसे गोळा करत एकत्र फिरले.

आणि एक गोष्ट, ही बहुतेक तुझ्या वाचनात आली नसेल. फोर्डना कार्टरांनी १९७६ ला हरवलं होतं, दोघांचं अजिबात पटायचं नाही. १९८१ ला इजिप्तचे अध्यक्ष सादात ह्यांच्या अंत्यविधीला दोघांना एकाच विमानाने कैरोला जावं लागलं आणि परतीच्या लांब प्रवासात बोलणं सुरू झालं ते कायमचंच. दोघांनी ठरवलं की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचं. फोर्ड २००६ च्या डिसेंबरात गेले, कार्टर बोलले. पण फोर्डनी आपलं भाषण जिवंतपणीच लिहून ठेवलं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये फोर्डच्या मुलाने, बापाला जाऊन १८ वर्षं झाल्यावर, बापाने लिहिलेले ते शब्द कार्टरांच्या शवपेटीसमोर उभं राहून वाचले. समोर तेव्हा हयात असलेले पाचही आजी-माजी राष्ट्राध्यक्ष बसलेले.

मला वाटतं तू लेख तिथूनच सुरू कर. पहिला परिच्छेद काढून टाक, तो कोणीही लिहील. कार्टरना जागा दे, गप्प बसण्याचं वाक्य खोड, आणि रविवारपर्यंत जमलं तर पाठव, मी परत पेन घेऊन बसते.

तुझी
मॅडम