मैदानाची किल्ली कुणाच्या खिशात?

बाई, नमस्कार.
मी ३१ वर्षांची. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात तीन वर्षं मुलींच्या कबड्डी संघाची कोच आहे, मानधनावर. स्वतः विद्यापीठाकडून खेळलेय. आमचे स्पोर्ट्सचे सर, म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक, इथे २४ वर्षं आहेत. झोनलच्या फायनलआधी चार दिवस आमच्या मुख्य चढाईपटूचा गुडघा सरावात पिरगळला आणि सुजला. मी तिला बसवणार होते. सर म्हणाले, "चार चढायांपुरती उतरव, बोनस आणेल." ती उतरली आणि लंगडत बाहेर आली. मी तिथेच, बाकीच्या कॉलेजांच्या लोकांसमोर, सरांना नको ते बोलले. रात्री संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "ज्यांना पोरींच्या पायापेक्षा ढाल मोठी वाटते त्यांनी खेळाच्या गप्पा मारू नयेत." तेव्हापासून स्टोअररूमची किल्ली मला मिळत नाही. शिपाई मामा म्हणतात, सरांना विचारून या. मॅट आत पडून आहेत, आम्ही मातीवर सराव करतोय. अर्ध्या मुली सरांच्या केबिनमध्ये जाऊन बसतात. परवा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईमाणसाला संघ दिला की असंच होतं." इंटरझोनलला, म्हणजे झोनलच्या पुढच्या आंतरविभागीय स्पर्धेला, २२ दिवस आहेत. राजीनामा देऊ, की सरळ प्राचार्यांकडे जाऊ?
– मातीवरची कोच

*

अगं, तुला अगं-तुगंच करते, माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरी तुझ्याएवढ्या असतील.

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथे कापून छापलंय. त्यात किल्लीवर सव्वा पान आहे. शिपाई मामांचा आवाज कसा बदलला, किल्लीला बांधलेला लाकडी ठोकळा ते तुझ्यासमोर कसा खिशात घालतात, हे सगळं तू इतकं बारीक लिहिलंयस की मला तो ठोकळा दिसला. त्या पोरीच्या गुडघ्याला मात्र चार ओळी. तिला डॉक्टरकडे नेलं का, हे चारही पानांत कुठे नाही.

रागावू नकोस. भांडणात असंच होतं. ज्याच्यासाठी आपण भांडायला उठलो, ते बाजूला राहतं आणि आपण "तो मला असं बोललाच कसा" इथे येऊन थांबतो. तो गुडघा आता तुझ्या आणि सरांच्या मधला एक मुद्दा झालाय. तू तो सरांवर फेकतेस, सर तो तुझ्यावर फेकतात. पोर तशीच लंगडतेय.

म्हणून आधी तिचं. या आठवड्यात तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन जा, घरच्यांना सोबत घेऊन. गुडघा पिरगळताना आतून 'कट्' झाल्यासारखं वाटलं होतं का, सूज दोन-चार तासांत चढली का, हे तिला विचारून घे, डॉक्टर तेच विचारतील. गुडघ्याच्या आतल्या पुढच्या लिगामेंटला, म्हणजे एसीएलला, इजा असेल तर त्या इजेची एक खोड असते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, पोरगी सरळ चालायला लागते, सगळे म्हणतात बरी झाली. मग एका चढाईत वळताना गुडघा खालून सुटतो आणि आतली गादीही फाटते. ऑपरेशन लागलंच तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने धर. तुमच्या इंटरझोनलपर्यंत नेमकी ती 'बरी झाली' म्हणायची वेळ येणार आहे, मला भीती त्याची आहे.

तू लिहिलंयस की ती पोलीस भरतीची तयारी करते. म्हणजे तिला ८०० मीटर धावायचंय, १०० मीटर धावायचंय, गोळा फेकायचाय. खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी तिला प्रमाणपत्र हवंय हे खरं. सरांनाही बहुधा तेच डोळ्यासमोर असेल, सगळी ढालीचीच हाव नसते. पण प्रमाणपत्र फायलीत आणि गुडघा पट्टीत, अशी ती भरतीच्या मैदानावर उभी राहिली तर काय उपयोग? हे वाक्य सरांना ऐकव. तू ऐकवलेल्या बाकीच्या वाक्यांपेक्षा ते त्यांना लवकर कळेल.

आता तुमचं भांडण.

गुडघ्याच्या बाबतीत तू बरोबर होतीस. तसूभरही मागे सरू नकोस. पण एक सांग, त्या दिवशी बाकावर कोच म्हणून कोण बसलं होतं? प्रवेशिकेवर दोन रकाने असतात, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक. तुझं नाव पहिल्यात असणार, सरांचं दुसऱ्यात. बारा पोरींतल्या सात कोण, हे तुझ्या हातात. टाइम आउट तुझ्या हातात. सर "उतरव" म्हणाले, पण तिला उतरवलं तू. नंतरचा तुझा तो आरडाओरडा मला अर्धा स्वतःवरचा वाटतो. वरिष्ठाला त्या क्षणी "नाही" म्हणता आलं नाही, ते दहा मिनिटांनी दहापट आवाजात बाहेर आलं. मानधनावरच्या माणसाला "नाही" म्हणणं किती जड जातं, ते मला कळतं. दरवर्षी नेमणुकीच्या कागदावर ज्याची शिफारस लागते त्यालाच नकार द्यायचा असतो. तरीही.

आणि सरांची बाजू. तुला ती ऐकायची नसणार, तरी ऐक. मी नोकरीला लागले तेव्हा मलाही वाटायचं की संघ मी घडवते आणि आमचे सर नुसते केबिनमध्ये बसून कागद रंगवतात. एके वर्षी मी हट्टाने पात्रतेचे अर्ज स्वतः भरले. एका पोरीची जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवरून न घेता हजेरीपटावरून उतरवली. नऊ तास एसटीने जाऊन पोरी किट घालून रांगेत उभ्या, आणि टेबलामागचा माणूस दोन कागद शेजारी ठेवून बोटाने तारखा दाखवतोय. माझ्या पायाखालची जमीन सरकली. सर पुढे झाले, म्हणाले, "चूक माझी आहे, सही माझी आहे." फोनाफोनी झाली, कॉलेजातून तार आली, दुपारी आम्हाला खेळू दिलं. परतताना संपूर्ण प्रवासात ते मला एक शब्द बोलले नाहीत. पुढेही कधी काढलं नाही. मी मात्र त्या दिवसानंतर त्यांच्या केबिनला नुसती केबिन म्हणाले नाही.

तुमचे सर तसेच असतील असं नाही. पण दौऱ्यावर एखादी पोर आजारी पडली, जिमखान्याच्या ॲडव्हान्सचा हिशोब जुळला नाही, एखाद्या खेळाडूचं वय १७ ते २५ च्या मर्यादेबाहेर गेलं, तर कारणे दाखवा नोटीस त्यांना येते, तुला नाही. तुला पोरी दिसतात, त्यांना फाइल दिसते. दोघांनाही दुसऱ्याचं काम सोपं वाटतं. आणि कुणी काय ठरवायचं हे तुमच्या कॉलेजात कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही, हे मी न बघता सांगते, कारण मी पाहिलेल्या एकाही कॉलेजात ते नव्हतं. सगळं "आपल्याकडे असंच चालतं" वर चालतं. चाललंय तोवर चालतं.

तो व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज मात्र वाईट होता. मैदानावर तोंडातून निघून गेलं, ते समजण्यासारखं आहे. रात्री घरी बसून, जेवून, टाइप करून, मुलींच्या ग्रुपवर टाकलं, ते नाही. सर त्या ग्रुपवर नसले तरी स्क्रीनशॉट त्यांच्याकडे पोचलाय, नाहीतर किल्ली बंद झाली नसती. आणि तू पोरींना त्या रात्री एक बाजू निवडायला लावलीस. त्यांनी निवडली. अर्ध्या केबिनमध्ये जाऊन बसतात म्हणून तुला वाईट वाटतं, पण त्यांचे अंतर्गत गुण, प्रवासाचे पैसे, रजेचे अर्ज सगळं त्याच टेबलावर आहे. कोण गेली, कोण नाही, याची मोजणी आजपासून बंद कर. आणि केबिनमध्ये काय बोलणं झालं हे एकीलाही विचारू नकोस.

मेसेज ग्रुपवर लिहिलास, तर खुलासाही ग्रुपवरच कर, दोन ओळींत. "त्या रात्री मी ग्रुपवर जे लिहिलं ते लिहायला नको होतं. सरांशी मी समोर बसून बोलेन, तुम्ही सरावाचं बघा." बस. त्याखाली पोरींनी बदाम टाकले तरी उत्तर देऊ नकोस.

मग सरांकडे जा. पहिल्या तासाच्या आधी, केबिनमध्ये गर्दी नसताना, एकटी. एकाही पोरीला सोबत नेऊ नकोस, कॅप्टनलाही नाही. म्हण, "सर, सगळ्यांसमोर बोलले आणि ग्रुपवर लिहिलं, त्याबद्दल माफी मागते. गुडघ्याबद्दल माझं मत तेच आहे. डॉक्टरांचा कागद आणलाय, तो तुम्ही बघा." माफी जागेची आणि पद्धतीची, मुद्द्याची नाही. ते कदाचित टोमणा मारतील. मारू दे. २४ वर्षं तिथे मुरलेला माणूस आहे, दोन मिनिटं तरी ताणणारच.

त्याच बैठकीत एक अर्धं पान पुढे कर. तुझ्या अक्षरात, "विनंती" असं वर लिहून. सराव सोमवार ते शनिवार सकाळी सहा ते आठ, त्या वेळेत स्टोअररूम उघडी. सातमध्ये कोण खेळणार ते कोच ठरवेल, अर्ज, प्रवास आणि हिशोब सर बघतील. दुखापत झालेली खेळाडू डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरणार नाही, मग ते तुला वाटो की सरांना वाटो. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यात हरणारं कुणी नाही, निर्णयच तुम्हा दोघांच्या हातून तिसऱ्याकडे जातो. सरांना त्यात स्वतःची सुटकाही दिसेल. उद्या त्या पोरीचे वडील कॉलेजच्या गेटवर आले, तर त्यांच्या हातात दाखवायला कागद असेल.

शिपाई मामांवरचा राग सोड. त्यांची रजा कोण मंजूर करतं ते आठव. सरांनी एकदा "दे" म्हटलं की तेच मामा साडेपाचला येऊन मॅट अंथरतील, तुझ्यासाठी चहाही आणतील.

प्राचार्यांकडे आत्ता जाऊ नकोस. सरांना न भेटता गेलीस तर ते पहिला प्रश्न तोच विचारतील आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. पण डॉक्टरांनी नको म्हटल्यावरही तिचं नाव इंटरझोनलच्या यादीत आलं, तर त्याच दिवशी जा. तोंडी नाही, अर्ज घेऊन. कार्यालयात आवक नंबर टाकून घे आणि पोच आपल्याजवळ ठेव.

ते "बाईमाणसाला संघ दिला की" हे वाक्य तारीख, वेळ आणि कोण हजर होतं यासकट वहीत लिहून ठेव. संतापात एकदा बोलले असतील तर भेटीत तिथेच सांग की हे मला लागलं. पुन्हा बोलले, किंवा याहून पुढे गेले, तर कॉलेजात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी. मानधनावर असलीस तरी तिथे तक्रार करता येते, फक्त तीन महिन्यांच्या आत. ही गोष्ट किल्लीच्या भांडणात कालवू नकोस. दोन्हींचं वजन जाईल.

राहिला राजीनामा. इंटरझोनलच्या २२ दिवस आधी कोच गेली तर संघाचं काय होतं हे तू खेळाडू म्हणून पाहिलं असशीलच. शिवाय आत्ता गेलीस तर तालुक्यात एकच गोष्ट उरेल, "सरांशी भांडून गेली." स्पर्धा होऊ दे. तुझ्या नेमणुकीची मुदत कधी संपते ते बघ, तिन्ही वर्षांचं अनुभवाचं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह हातात घे, आणि मग वाटलं तर खुशाल जा. चांगल्या कोचला मैदान मिळतं. जाहिराती येतील, तेव्हा शांत डोक्याने अर्ज कर.

मला पुन्हा लिही. त्या पत्रात किल्लीचं, मामांचं, सर काय म्हणाले त्याचं सगळं मागाहून. आधी एमआरआयमध्ये काय निघालं ते.