सायलेंट व्हॅलीच्या वर्षावनात जाताना

प्रश्न : केरळमधील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान पाहण्याची आमची इच्छा आहे. कोणत्या महिन्यात जावे आणि सिंहपुच्छ वानर दिसण्याची खात्री असते का?

उत्तर : डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे आहेत, पावसाळ्यात जळवांचा आणि निसरड्या वाटांचा त्रास फार होतो. पलक्कड रेल्वे स्थानकावर उतरून मन्नारक्काडमार्गे मुक्काली गाठावे. तिथे वन विभागाची परवानगी घेऊन, ठरवून दिलेल्या वाहनातून आणि मार्गदर्शकासह सुमारे 23 किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत जाता येते. स्वतःच्या गाडीने जाता येत नाही. प्रवेशाची संख्या मर्यादित असल्याने आरक्षण आधीच करावे.

वानराची खात्री मात्र कोणीही देऊ शकत नाही. हा प्राणी बहुतांश वेळ उंच झाडांच्या शेंड्यांत, फळांच्या शोधात घालवतो, त्यामुळे गाडीतील गप्पा थांबवून वर पाहत राहण्याची सवय ज्याला आहे, त्यालाच तो दिसण्याची शक्यता अधिक असते. दुर्बीण अवश्य न्यावी. भडक कपडे आणि अत्तर टाळावे.

सैरंध्रीच्या मनोऱ्यावरून जंगल न्याहाळताना एक गोष्ट आठवावी, असे मला वाटते : इथल्या कुंतीपुळा नदीवर जलविद्युत धरण बांधण्याचे ठरले होते, परंतु दीर्घ जनआंदोलनानंतर तो प्रकल्प सोडून देण्यात आला आणि 1984 मध्ये हे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. प्लास्टिक आत नेऊ नये.