कॅम्परव्हॅनवाल्यांच्या मेळाव्याला बेळगावला येतोय, आजूबाजूला काय बघावं?
मेळावा आटोपला की लगेच घरचा रस्ता धरू नका, एक दिवस खानापूर तालुक्यासाठी ठेवाच. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर कदंब राजांच्या काळातलं. आत समोरासमोर दोन गाभारे आहेत. मधोमध उभं राहून दोन्हीकडे बघा, असं देऊळ सहसा दिसत नाही. व्हॅन गावाबाहेरच लावून चालत जा. मलप्रभा नदीचा उगम याच तालुक्यात कणकुंबीला. पुढे चोर्ला घाटात मात्र पावसाळ्यात मोठी गाडी घालू नका, धुक्यात वळणं कळत नाहीत. धबधबा हवा असेल तर उलट दिशेला गोकाक, तिथे घटप्रभा 52 मीटरवरून कोसळते, आणि ऐन पावसात पाणी अगदी तांबडं असतं. येताना तिथला करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई घ्या, तो प्रवासात टिकतो. बेळगावचा कुंदा, म्हणजे दुधाची मिठाई, मात्र लगेच खाऊन टाका.