"त्रास होतोय म्हणजे औषध लागू पडतंय ना, मॅडम?"

केमो चालू असलेल्या पेशंटकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मोजायचं सोडून दिलंय. त्याला जोडूनच दुसरी भीती, डॉक्टरांना सांगितलं तर ते डोस कमी करतील आणि डोस कमी झाला की आजार परत येणार. म्हणून लोक ओपीडीत "बरंय" म्हणतात आणि बाहेर येऊन बायकोचा खांदा धरून चालतात.

सोलापूरकडचे एक काका (ओळख पटेल ते सगळं बदललंय), पन्नाशीचे, टेलर. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, दर 21 दिवसांनी ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाईन आणि सोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, 14 दिवस घ्यायच्या, 7 दिवस सुट्टी. काकू माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आल्या, कारण काय तर "हे लई चिडचिड करतात". पहिली दोन सेशन काका नुसते हो-नाही. तिसऱ्या वेळी काकू म्हणाल्या,

"रेशनच्या दुकानात ह्यांचा थम लागंना. चार वेळा लावला. दुकानदार म्हणला, काका, बोटावर रेघाच नाहीत तुमच्या."

काकांनी हात मांडीखाली सरकवले. म्हटलं दाखवा. तळवे लालभडक, बोटांच्या टोकांची सालं निघालेली. कॅपेसिटाबिनने होतं असं, कधीकधी ठसेसुद्धा पुसट होतात. सुईत दोरा ओवायला महिनाभर शेजारच्या पोराला हाक मारत होते आणि डॉक्टरांना एक शब्द नाही.

"एवढं सोसायलाच पाहिजे मॅडम. सोसलं तरच बरं होणार."

मी एक सवय लावून घेतलीय, समोरच्याच्या बोलण्यातला 'च' पकडायचा. माणसाला छळणारे बरेचसे विचार त्या एका अक्षरावर उभे असतात असं माझं मत आहे, आणि इथे तर दोन वाक्यांत दोन. पण समजावत बसले असते तर मलाही "बरंय" म्हणून निघून गेले असते.

"काका, माप नीट घेतलं तरी ट्रायल कशाला ठेवता?"

"अंगावर चढल्याशिवाय कळतंय होय?"

"आणि गिऱ्हाईकाला काखेत काचतंय, पण तो बोललाच नाही तर?"

"मग मला काय स्वप्न पडणार? सांगितलं तर उसवून देतो की."

"उसवलं म्हणजे शर्ट बिघडला?"

"छ्या, तेव्हा तर..." आणि थांबले. बराच वेळ. हात मांडीखालून बाहेर आले आणि ते स्वतःच त्यांच्याकडे बघत राहिले. काकू काहीतरी बोलणार होत्या, मी डोळ्यानेच थांबवलं (अशा वेळी गप्प बसणं आमच्या कामातलं सगळ्यात अवघड, आणि ते मला जमतं एवढं म्हणायला हरकत नाही).

"म्हणजे मी ट्रायलला जाऊन मुकाट बसलोय," काका म्हणाले.

केमोचा डोसही मापावरच काढतात, उंची आणि वजन बघून. पण एकाच मापाच्या दोघांना तेच औषध सारखं झेपत नाही, म्हणून गोळ्या काही दिवस थांबवणं, डोस थोडा उतरवणं हे ट्रीटमेंटमध्ये आधीच धरलेलं असतं, कुणी हार मानलेली नसते. त्रास कमी झाला म्हणजे औषध फुकट गेलं असंही नाही. उलट लपवून लपवून त्रास इतका वाढतो की पुढची सलाईनच लांबणीवर पडते. तसंच स्वतःच्या मनाने गोळ्या कमी करणारेही भेटतात, तेही नको. ताप 100.4 किंवा वर गेला, रोजच्यापेक्षा चार जुलाब जास्त झाले, चप्पल घालवेना इतके पाय सोलले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांना हातांवर डायक्लोफिनॅक जेल लावून बघितलं, तर हातापायांचा हा त्रास नीट जाणवण्याइतका झालेले 3.8 टक्के निघाले, आणि औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत 15 टक्के. तुम्हाला चालेल का ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, हा 'च' राहू द्या.

डॉक्टरांनी काकांच्या गोळ्या आठवडाभर थांबवल्या, मग थोड्या कमी करून परत चालू केल्या. काकांनी मापाच्या वहीत एक पान काढलं, छाती, कंबर, बाही लिहितात तिथे तळहात, तळपाय, जुलाब, झोप, आणि पुढच्या ओपीडीला ती वहीच डॉक्टरांपुढे उघडून ठेवली. थम अजून लागत नाही, धान्य ओटीपीवर आणतात.