'कोरिओपोएम'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिका एन्टोझाकी शाँगे यांच्या 'फॉर कलर्ड गर्ल्स हू हॅव कन्सिडर्ड सुइसाइड / व्हेन द रेनबो इज एनफ' या नाट्यकृतीवर मराठीत लिहिताना, त्यांनीच तिला दिलेल्या 'कोरिओपोएम' या नावासाठी 'नृत्यनाट्य' वापरावं का? आणि नावातल्या 'कलर्ड'चं काय करायचं?

'नृत्यनाट्य' नको. हा शब्द ऐकला की मराठी वाचकापुढे सलग गोष्ट, ठरलेली पात्रं आणि मागून येणारं गाणं उभं राहतं. गाणारे एकीकडे, नाचणारे दुसरीकडे. शाँगेंच्या रचनेत सलग कथानकच नाही. वीसेक स्वतंत्र कविता आहेत आणि सात जणी त्या बोलतात, गातात, नाचतात. एकीची कविता चालू असताना बाकीच्या तिच्या श्रोत्या होतात, मैत्रिणी होतात, कधी गर्दी होतात. 'कोरिओ'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दातही समूहाने गात नाचणं आहे. 'कोरस' त्याच घराण्यातला.

हा प्रकार कुठे घडला, त्यावरूनही 'नाट्य' शब्द का अडतो ते कळतं. १९७४च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीजवळच्या, बायकांच्या एका बारमध्ये शाँगे कविता म्हणत होत्या आणि पॉला मॉस नाचत होत्या. सोबत वादक. मग न्यूयॉर्क, १९७६ मध्ये पब्लिक थिएटर आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवरचं बूथ थिएटर, जिथे सातशेहून अधिक प्रयोग झाले. त्याआधीच्या कृष्णवर्णीय नाटककार लॉरेन हॅन्सबेरी यांचं १९५९चं नाटक 'अ रेझिन इन द सन' एका कुटुंबाच्या घरात, तीन अंकांत, वास्तववादी रीतीने घडतं. शाँगेंनी तो दिवाणखानाच सोडून दिला आणि नव्या प्रकाराला नवं नाव दिलं. त्याला जुन्या खणात कोंबलं तर त्यांनी केलेलं कामच पुसलं जातं.

'काव्यवाचन'मध्ये शरीर गळतं. 'पद्यनाट्य' म्हणजे पद्यातले संवाद, तेही इथे नाही. 'नाट्यछटा' जवळची वाटते, पण ती गद्य आणि एकटीची. 'नृत्यकाव्य' वाईट नाही. फक्त 'काव्य' म्हटलं की खंडकाव्यासारखी एक दीर्घ रचना मनात येते. म्हणून माझं मत 'नृत्यकविता'. लेखात पहिल्यांदा 'कोरिओपोएम, म्हणजे नृत्यकविता' असं लिहा, पुढे नुसतं 'नृत्यकविता'.

आता 'कलर्ड'. 'रंगीत मुली' म्हटलं तर अर्थ भलतीकडे जातो. 'काळ्या मुली'त आपल्याकडचं लग्नाच्या बाजारातलं गोरं-काळं शिरतं. 'कृष्णवर्णीय' लेखाच्या मजकुरात ठीक, पण शीर्षकात फार सोवळं. मूळ शब्दाला इतिहास आहे: अमेरिकेत वंशविभाजनाच्या काळात पाण्याच्या नळांवर, प्रतीक्षागृहांवर 'कलर्ड' असं लिहिलेलं असे. १९७६ मध्ये तो जुनाट आणि बोचरा झाला होता. शाँगे तोच उचलतात आणि त्याच नावात इंद्रधनुष्य ठेवतात. सातही जणींना नाव नाही, फक्त रंग: तपकिरी, पिवळा, जांभळा, तांबडा, हिरवा, निळा, नारिंगी. तपकिरी इंद्रधनुष्यात नसतो. तो त्यांनी घातला आहे, आणि तिथेच 'कलर्ड'चे दोन्ही अर्थ एकत्र येतात. हा दुहेरी अर्थ एका मराठी शब्दात मावत नाही. शीर्षक देवनागरीत तसंच ठेवा आणि एका वाक्यात हा संदर्भ द्या. पात्रांसाठी 'तांबड्या कपड्यांतली बाई' नीट बसतं. 'स्त्री' नको, तोंडातून निघत नाही.

एखादी कविता अनुवादित करणार असाल तर खरी अडचण लेखनात येते. शाँगे मोठी अक्षरं टाळतात, 'इनफ'चं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे लिहितात, ओळींच्या मध्ये तिरप्या रेघा घालतात. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, म्हणून पूर्णविराम काढा. परिणाम बराचसा तसाच होतो. तिरप्या रेघा मात्र राहू द्या. मोठ्याने वाचून पाहिलं की त्या श्वासाच्या आणि हालचालीच्या जागा आहेत हे लगेच कळतं. त्या काढून स्वल्पविराम घातले, की नाचता नाचता बोलणाऱ्या नटीला दम कुठे घ्यायचा ते कळत नाही. लांब जोडशब्द आणि 'करण्यात आलेल्या'सारखी वळणं याच कारणाने मारक ठरतात.

सर्वात जास्त बिघडतं ते बोलीचं. उच्चाराप्रमाणे लिहिलेलं इंग्रजी पाहून अनुवादक 'म्या', 'व्हतं' लिहायला लागतात. या बायका शिकागो, डेट्रॉइट, ह्यूस्टन, बाल्टिमोर अशा शहरांची नावं सांगत आपली ओळख देतात. त्यांना विनोदी नाटकातल्या गावरान बाईची भाषा दिली, तर वाचक त्यांचं दुःख ऐकायच्या आधी हसतो. 'पायजे', 'नाय', 'कळलंय', 'आलीये' अशी शहरात रोज कानावर पडणारी रूपं घ्या, आणि सातही जणींचं बोलणं एकसारखं करू नका. नाचाच्या रात्रीची गोष्ट सांगणारी पिवळी भरभर, फुशारकीने बोलते. बो विली ब्राउन नावाच्या पुरुषाची कहाणी सांगणाऱ्या तांबडीचं वाक्य शेवटाकडे तुटत जातं, तेही तुटू द्या.