अनेक देशांची मिळून एकच मध्यवर्ती बँक असू शकते का?

हो, आणि युरोपच्या कितीतरी आधीपासून आहे. ईस्टर्न कॅरिबियन सेंट्रल बँक घ्या. सेंट किट्समधल्या बासेटेअरला मुख्यालय, सभासद आठ: अँटिग्वा-बार्बुडा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स-नेव्हिस, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, अँग्विला आणि माँटसेराट. शेवटचे दोन स्वतंत्र देश नाहीत, आजही ब्रिटनच्या ताब्यात आहेत. तरीही सगळ्यांच्या खिशात पूर्व कॅरिबियन डॉलर.

मुळात इथे ब्रिटिशांचं चलन मंडळ होतं. त्रिनिदाद आणि गयाना वेगळे झाले, तेव्हा उरलेल्यांनी 1965 मध्ये नवं चलन प्राधिकरण उभं केलं. पुढे बार्बाडोसनेही 1970 च्या दशकात स्वतःची बँक काढली. राहिली ती अगदी लहान बेटं. एकट्याने बँक चालवणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून 1983 च्या जुलैत करार झाला आणि 1 ऑक्टोबरला बँक सुरू झाली.

खरी गंमत दराची आहे. 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 स्थानिक डॉलर, आजतागायत तोच! कारण कोणत्याही एका सरकारला वाटेल तशा नोटा छापता येत नाहीत. कायद्याने बँकेला चलनातल्या नोटा आणि मागताच द्याव्या लागणाऱ्या इतर देण्यांच्या किमान 60 टक्के परकीय चलनाची गंगाजळी ठेवावीच लागते, प्रत्यक्षात ती बरीच जास्त असते. तोटाही आहेच: मंदी आली तरी चलनाचं अवमूल्यन करून निर्यात वाढवण्याचा मार्ग एकट्या बेटाला बंद.