चतुरांची जोडी आणि नराचा पहारा

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या शेततळ्यावर पिवळसर चतुर जोडीने उडतात. पुढच्याने शेपटीच्या टोकाने मागच्याचे डोके धरलेले असते आणि मागचा मधूनमधून पाण्यात शेपटी बुडवतो. मीलन उरकल्यावरही नर मादीला का सोडत नाही?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : मागे असते ती मादी. ती अंडी घालत असते आणि पुढचा नर तिला दुसऱ्या नरांच्या हाती लागू देत नाही. तुमच्या वर्णनावरून हा बहुधा पँटाला फ्लेव्हेसेन्स या जातीचा चतुर असावा. पावसाने साचलेल्या पाण्यात तो हमखास अंडी घालतो.

चतुरांमधली नरांची चुरस मीलनापाशी थांबत नाही, किंबहुना तिचा निर्णायक भाग तिथूनच पुढे सुरू होतो. मादी नराचे शुक्राणू शरीरातल्या पिशवीत साठवते आणि अंडी घालताना ती त्यांनी फळवते. चतुरांची जवळची नातलग असलेल्या टाचण्यांपैकी एका अमेरिकन जातीवरचे संशोधन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले, की नराच्या जननेंद्रियावर मागे वळलेले बारीक काटे असतात आणि आपले शुक्राणू सोडण्याआधी तो त्यांनी आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून बाहेर काढतो. पुढे कित्येक जातींच्या चतुरांमध्येही शेवटच्या नराचीच सरशी होत असल्याचे आढळले. त्यामुळे अंडी घालून होण्याआधी मादीला सोडणाऱ्या नराची सारी मेहनत वाया जाऊ शकते. धरून ठेवण्यात त्याचे नुकसानही आहेच, कारण तेवढा वेळ त्याला दुसरी मादी मिळवता येत नाही. तरीही हा सौदा त्याला परवडतो.

मादीच्या बाजूनेही याकडे पाहायला हवे, आणि ती बाजू फार वेळा दुर्लक्षित राहते. पहाऱ्यामुळे तिला निर्वेधपणे अंडी घालता येतात. एश्ना जुन्सिया या जातीचा नर असा पहारा देत नाही. स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये या जातीच्या माद्या, नर पाठलाग करू लागताच, उडता उडता जमिनीवर कोसळून मेल्यासारख्या निपचित पडतात आणि नर निघून गेल्यावरच उठतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत नोंदवले आहे.

तुमच्या तळ्यावर लालभडक चतुरही येत असतील. त्यांचा नर मीलनानंतर मादीला धरून ठेवत नाही, तर तिच्या आसपास घिरट्या घालत दुसऱ्या नरांना हुसकावून लावतो. थोडा वेळ काठावर थांबलात तर पहाऱ्याच्या या दोन्ही पद्धती एकाच जागी पाहता येतील.